गाऱ्हाण्यातला शर्ट

आधीच सांगून ठेवते, त्या कपड्यांच्या कंपनीचा मला काडीचाही पुळका नाही. नाहीतर वाचणारा म्हणेल, दुकानदारीण आहे, आपल्या मालाची बाजू घेतेय. कंपनीचं नावही लिहिणार नाही. फुकटची जाहिरात मी कशाला करू?

मालवणच्या किनाऱ्यापासून थोडं आत, रस्त्याला लागून आमचं तयार कपड्यांचं दुकान आहे. शाळेचे गणवेश, गाऊन, टॉवेल, लुंग्या आणि समोरच्या फळीवर त्या कंपनीचे शर्ट. सुती, ढिले, घामाला बरे. चतुर्थीला गावातले बरेच पुरुष हाच शर्ट घेतात. यंदा चतुर्थीचा माल आला तेव्हा प्रत्येक शर्टाच्या वरच्या बटणाला पुठ्ठ्याचा एक तुकडा लटकवलेला होता. त्यावर बंदुकीची नळी काढलेली, नळीच्या तोंडावर एक बटण शिवलेलं, आणि खाली छापलेलं, ‘घरात बंदूक नको’. मी ते वाचलं आणि हातातला शर्ट खाली ठेवला. इतकी वर्षं जे मी मनातल्या मनात म्हणत होते ते मुंबईतल्या कुणीतरी छापून माझ्याच दुकानात पाठवून दिलं होतं.

आमचे हे गल्ल्यावर बसले होते. त्यांनी तुकडा हातात घेऊन वाचला, डावा गुडघा चोळला आणि म्हणाले, "शर्ट बरे आसत. लाव फळयेर."

चतुर्थीत कुणाचं तिकडे लक्षही गेलं नाही. माणसं शर्ट घालतात, पुठ्ठा केरात टाकतात. पण दिवाळीआधी निवडणूक लागली. आता आमच्याकडे निवडणूक लागणं म्हणजे काय ते सांगायला हवं. शेती राखायला म्हणून ज्यांच्याकडे परवान्याची बंदूक आहे, त्यांनी ती पोलीस ठाण्यात जमा करायची, निकाल लागला की परत आणायची. डुकरांना कोण आचारसंहिता सांगणार? भात पिवळं पडलेलं, आणि रानडुकरं कळपाने उतरली. एका रात्रीत वाफे नांगरल्यासारखे करून गेली. माडांवर माकडं. कोवळे नारळ चावून खाली टाकायचे आणि वरून आपल्याकडे बघत बसायचं. आमच्या शेजारणीने तर माकडाला हात जोडले, म्हणाली, "बाबा रे, एक खा, पण पुरो खा."

अशा वेळी गावाच्या ग्रुपवर तो व्हिडिओ आला. कंपनीचा मालक, गुळगुळीत दाढी, मागे पांढरी भिंत, सांगत होता की शेतीच्या नावाखाली दिलेले बंदुकीचे परवानेसुद्धा सरकारने काढून घ्यावेत, त्यासाठी आमची कंपनी मोहीम चालवणार. झालं. सगळा गाव उसळला. आणि खरं सांगते, मलाही राग आला. मेल्या, तू एकदा ये आणि आमच्या मळ्यात रात्रभर डबा वाजवत बस, मग बोल. त्याचं म्हणणं मला पटत होतं आणि त्याचं तोंड मला बघवत नव्हतं. गावाचं दुःख खरं होतं आणि गावाचा उपाय मला नको होता. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, तशी माझी गत.

दसऱ्याला देवळात गाऱ्हाणं झालं. आमच्याकडे देवाला गावाचं म्हणणं सांगायचा मान गावकरचा. गावकर उभा राहतो, एक एक मागणं मोठ्याने देवापुढे ठेवतो, आणि प्रत्येक मागण्याला जमलेल्या सगळ्यांनी म्हणायचं, "व्हय म्हाराजा." लहानपणापासून म्हणत आलोय. खरं तर मागणं कुणी ऐकत नाही. गावकर श्वास घ्यायला थांबला की आमची तोंडं आपोआप उघडतात. मी त्या दिवशी सभामंडपाच्या खांबाला टेकून घरच्या भाजीचा विचार करत होते.

"हे देवा म्हाराजा, तुजी लेकरां आज हय जमली आसत, तेंची राखण कर रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"भातात डुकर शिरलो, माडार माकड चडलो, तेचो बंदोबस्त कर रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"आणि जे कोण कपडेवाले आमच्या बंदुकांवर उठले आसत, तेंचो कपडो ह्या गावातल्या कोणाच्याच आंगाक लागाचो नाय, असो आज आमी शब्द देतो, तो शब्द राखून घे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं. सगळ्यांबरोबर, चांगलं मोठ्याने. म्हणून झाल्यावर मला कळलं मी काय म्हटलं ते. बाजूच्या दोघीतिघी माझ्याकडे वळून बघायला लागल्या. आपल्याच दुकानावर आपणच कुलूप घातलं, तेही देवासमोर. गावकर आमच्या देवळात गाऱ्हाणं घालताना शर्ट काढून उपरणं घेतो. त्याचा तो काढलेला शर्ट खुंटीवर टांगलेला होता, आणि तो माझ्याच दुकानातला होता, त्याच कंपनीचा. मला हसू आलं, पण हसायची सोय नव्हती. प्रसाद घेताना तो मला म्हणाला, "तुज्या दुकानाशी आमचा काय वैर नाय गो. फक्त ता कापड नुको." मी मान हलवली. दुसरं काय करणार?

गावाने शब्द पाळला. म्हणजे गाव जसा पाळतो तसा पाळला. चतुर्थीचे शर्ट पेटीच्या तळाशी गेले. काही जणांनी ते सरळ बुजगावण्यांना घातले. कापणी राहिलेल्या मळ्यातून जावं तर जिथे तिथे आमचा माल, हात पसरून उभा. "कंपनीक राखण करूंदेत," म्हणून पोरं हसायची. डुकरं त्या शर्टांखालून खाऊन जायची. आमच्या फळीवरचा गठ्ठा तसाच पडून. कंपनीच्या माणसाला फोन केला तर तो म्हणाला, मॅडम, उलट हा माल ठळक दिसेल असा लावा, सध्या तोच विषय चाललाय. मॅडम म्हणे.

लपूनछपून गिऱ्हाईक यायचंच. किनाऱ्यावरची एक मासे विकणारी, माझी जुनी ओळखीची, दुपारी दुकान रिकामं बघून आत शिरली. मुलाचं लग्न ठरलं होतं आणि त्याला हाच शर्ट हवा होता. "मागचो शिक्को काढून दी," ती म्हणाली, "आणि पिशवी दुसरी. देवाक काय, तो शिक्को बघता." मी काउंटरखाली बसून ब्लेडने कॉलरमागचा कंपनीच्या नावाचा कापडी शिक्का उसवला. चोरीचा माल विकावा तसं ते चाललेलं. ती गेल्यावर मी तो शिक्का हातात धरून बसले आणि मला रडू फुटलं. एका शर्टासाठी नाही. आपल्या पोटातलं एक वाक्य कुणीतरी बाहेर छापतं, आणि आपण ते ब्लेडने उसवत बसतो, त्याचं रडू होतं ते.

आता ते पोटातलं सांगते.

आमचे हे लंगडतात. डावा पाय गुडघ्यात वाकत नाही. गावात कुणालाही विचारा, सांगतील, माडावरून पडले. कुठला माड तेही दाखवतील, विहिरीकडचा, थोडा कललेला. यातलं काहीही खरं नाही. मुलगा सहा वर्षांचा होता तेव्हाची गोष्ट. संध्याकाळी काजूच्या बागेत डुकराच्या मागावर घरचीच माणसं गेली होती. ह्यांच्या चपलेचा पट्टा तुटला म्हणून हे झुडपाआड खाली बसले. पानं हलली. माझ्या थोरल्या दिरांनी ठासणीची बंदूक उडवली.

त्यांनीच ह्यांना पाठीवर घालून घरी आणलं. घरी आणल्यावर ते खळ्यात, दारापुढच्या अंगणात, बसून स्वतःच्या तोंडात मारून घेत होते, ते मी बघितलंय. पण बंदूक सासऱ्यांच्या परवान्यावर. बाहेर कळलं तर परवाना जाणार, थोरला मुलगा तुरुंगात जाणार, म्हातारा-म्हातारीला दोन्ही मुलगे गेल्यात जमा. सासूबाईंनी माझे हात धरले. आपलेच दात, आपलेच ओठ. ओळखीच्या एका म्हाताऱ्या कंपाउंडरने हाताला लागले तेवढे छरे काढले, बाकीचे आतच राहिले. आणि त्या वर्षीच्या गाऱ्हाण्यात गावकरने देवाला सांगितलं, "ह्या घरातलो माणूस माडावयसून पडलो, तेका बरो कर रे म्हाराजा." मीही सगळ्यांबरोबर व्हय म्हटलं. मग काय, देवालाच सांगून झालं म्हटल्यावर ते खरंच झालं.

रस्त्याकडची जागा दिरांनी आपल्या वाटणीतून काढून ह्यांना दिली आणि दुकान घालून दिलं. का दिली ते कुणी बोललं नाही, आम्हीही विचारलं नाही. तेव्हापासून एकाच खळ्यात आमच्या दोन चुली. दीर वाईट माणूस नाहीत. माझ्या मुलाला त्यांनी खांद्यावर घेऊन जत्रा दाखवल्या. त्यांना दोन मुली, दोघी सासरी, त्यामुळे सगळी माया ह्याच्यावर. जाऊबाई वारल्यापासून त्यांचं जेवणही माझ्याकडेच. त्यांचा मला राग येतो आणि त्यांना जेवायला वाढताना मासळीचा मोठा तुकडाही मीच घालते. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

आणि मुलगा. त्याने त्या माडाचं वैर धरलं. सहा वर्षांचा असल्यापासून. येता-जाता दगड मारायचा, त्याचं शहाळं कधी तोंडाला लावलं नाही, वाढदिवसाला काय हवं विचारलं तर म्हणायचा, "तो माड तोडा." सासूबाई म्हणायच्या, "झाडाक कित्या दोष, बाबू?" आणि मग आमच्याकडे न बघता आत जायच्या. कॉलेजसाठी कणकवलीला जाऊन परत आला, तरी विहिरीकडून येताना त्या माडाला लाथ घालायची सवय गेली नाही.

निवडणूक संपली, बंदुका परत आल्या. सासरे गेल्यापासून आमच्या घरची बंदूक दिरांच्या नावावर आहे. आता त्यांचा हात कापतो. आमच्या वाडीत उरलेली ती एकच परवान्याची बंदूक. वाडीचं म्हणणं पडलं, परवाना मुलाच्या नावावर करून घ्या, नाहीतर पुढच्या भाताला राखण कोण करणार. मुलगा तयारच होता. काकांनी त्याला ती पुसायला शिकवली, दारू कशी ठासायची ते दाखवलं. दोघं खळ्यात बसून ते करत असायचे आणि मी भांडी घासत असायचे, त्याच दगडावर, जिथे ह्यांच्या पायाचं रक्त धुतलं होतं.

एकदा मी म्हटलं, "दादा, तेका नुको. दुसऱ्या कोणाच्या नावार करा."

दीर नळी पुसत राहिले. मुलगाच हसला. "आये, तू पण कंपनीची झालंस?"

घराघरात आता हेच होतं. बंदुकीबद्दल वाकडा शब्द काढला की तो माणूस शर्टवाला. कंपनीने तेवढी सोय करून ठेवली होती. पूर्वी निदान एखादी आई म्हणू शकत होती की मला भीती वाटते. आता भीती वाटली तरी ती मुंबईच्या मालकाची शिकवणी ठरत होती. मी ह्यांना म्हटलं, तुम्ही तरी बोला. हे म्हणाले, "मी बोललंय तर दादा जगाचो नाय." तेही खरंच होतं. रात्री अंथरुणावर ते गुडघा चोळत राहिले आणि मी भिंतीकडे तोंड करून पडले.

पण दुसऱ्या दिवसापासून ते एक करायला लागले. फळीवरचा शर्ट काढून घालायला लागले. रोज. पुठ्ठ्याचा तुकडा काढायचे आणि खिशात ठेवायचे. कुणी टोकलं तर म्हणायचे, "माल खपणा नाय, मगे काय फेकून देव?" गावकर स्वतः येऊन समजावून गेला. ह्यांनी त्याला चहा पाजला आणि शर्ट काही बदलला नाही.

परवान्याच्या चौकशीला हवालदार आला तेव्हाही ह्यांच्या अंगात तोच होता. हवालदार तरुण, घाटावरचा, बोलायला गोड. खळ्यात खुर्च्या मांडल्या. दीर, मुलगा, हे, पंच म्हणून गावकर. मी दारात. सगळे शुद्ध बोलायला लागले, दिरांची तर जीभ अडखळत होती. हवालदार कागद मांडीवर घेऊन एक एक विचारत होता. शेती किती, नुकसान काय, मुलगा काय करतो. गावकर प्रत्येकाचं उत्तर देत होता, देवळातल्यासारखंच, ठासून, आणि मधे श्वासाला थांबत होता. दीर मान हलवत होते, मुलगा मान हलवत होता.

"घरात कुणाची हरकत?"

"कोणाची नाही," गावकर म्हणाला.

"या हत्याराने पूर्वी कधी अपघात? घरात, वाडीत?"

"नाही साहेब," दीर म्हणाले. मांडीवरचा हात दुसऱ्या हाताने त्यांनी धरून ठेवला होता. "कधीच नाही." "ह्या बंदुकीने कधी कोणाला लागलंय?" गावकरने देवळातल्यासारखं मोठ्याने विचारलं आणि तो श्वासाला थांबला.

"व्हय," मी म्हटलं.

ठरवून नाही म्हटलं. देवाशप्पथ सांगते, ठरवलं असतं तर जमलंच नसतं. इतकी वर्षं त्या थांबण्यावर जो शब्द तोंडातून गेला तोच गेला. फक्त पहिल्यांदा तो खरा होता.

हवालदाराने वर बघितलं. गावकर उठला. "साहेब, हिचा काय ऐकू नका. हेंचा कपड्यांचा दुकान आसा, ती कंपनी... नवऱ्याच्या आंगातलो शर्ट बघा."

"आये, काय बोलतंस तू?" मुलगा म्हणाला. त्याला राग आला होता. मी ह्यांच्याकडे बघितलं. मनात म्हटलं, आता तुम्ही नाही म्हणालात तर मी खोटी, आणि उद्यापासून ती बंदूक माझ्या मुलाच्या उशाशी.

हे दिरांकडे बघत होते. दिरांनी मान खाली घातली होती. मग दीरच, अगदी हळू, म्हणाले, "सांग तू." एवढंच. इतक्या वर्षांत त्या गोष्टीबद्दल दोघा भावांमध्ये झालेलं ते पहिलं बोलणं.

ह्यांनी पँटचा पाय गुडघ्यावर ओढला. मुलाला जवळ बोलावलं, त्याचा हात धरला आणि त्याचं बोट गुडघ्याच्या बाजूला, कातडीवर ठेवलं. "हय दाब. वायच. लागता काय हाताक?"

मुलाने दाबलं. तो कातडीखालचा दाणा सरकतो, मला माहीत आहे, मी रोज तेल लावते. मुलाने बोट काढून घेतलं आणि परत ठेवलं. मग तो काकांकडे वळला. काकांच्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं आणि ते पुसत नव्हते.

"मगे तो माड?" मुलाने विचारलं.

"त्या माडार मी कदी चडलंयच नाय," हे म्हणाले.

हवालदाराने पेनाचं टोपण लावलं. म्हणाला, "ताई, मी घरच्यांची हरकत एवढंच लिहितो. बाकीचं तुम्ही ठरवा, सांगायचं असेल तर ठाण्यात या." गावकर चप्पल घालून निघून गेला, त्याचा चहा तसाच राहिला. पुढच्या गाऱ्हाण्यात तो काय सांगेल, आणि आमच्या दुकानाला गाव कायमचं विसरेल का, ते मला माहीत नाही. दीर अजून खळ्यापलीकडेच राहतात. जाणार कुठे, आणि आम्ही तरी कुठे जाणार? जेवण मी अजूनही देते. आता ते ताट घेतात आणि आत जाऊन जेवतात.

त्या दिवशी मुलगा दुपारी जेवलाच नाही. संध्याकाळी मी पाण्याला गेले तर तो विहिरीकडे त्या कललेल्या माडाखाली उभा होता. मला वाटलं लाथ मारणार. त्याने बुंध्यावर हात ठेवला होता, जिथे लहानपणी मारलेल्या दगडांचे खड्डे आहेत तिथे, आणि एक एक खड्डा बोटाने चाचपत होता. मी हाक मारली नाही. कळशी भरली आणि घरी आले.